बॅटरीची बैठक : पेट्रोलची मोटार विजेवर नेताना

मंडळी, बाजाराच्या दिवशी तुम्ही बैलगाडी भरता तेव्हा पोती नुसती साटीत टाकून मोकळे होत नाही. दोन पुढे, दोन मागे, आसावर जरा जास्त, असं पाहत पाहत भरता. भार मागे जास्त झाला की गाडी उलार होते. जू वर उचलू लागते आणि बैलांच्या गळ्याला पट्टा काचतो. पुढे जास्त झाला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर. पोती तितकीच, बैल तेच, रस्ताही तोच. पण भार ठेवला कोठे, ह्यावर बैल सुखाने चालतील की धापा टाकतील हे ठरते. उसाची ट्रॉली मागे जड झाली म्हणजे ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडू पाहतात आणि चाक फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही, हेही तुमच्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले असेल.

आज मी विजेच्या मोटारीविषयी सांगणार आहे. कारखान्यातून तयार होऊन येणारी मोटार नव्हे, तर एखाद्या हौशी माणसाने आपल्या परसात, शेडमध्ये, जुन्या पेट्रोलच्या मोटारीचे एंजिन काढून, त्या जागी विजेची मोटर घालून तयार केलेली. अशा गाडीत मोटर विकत मिळते. मोटरला कमी-जास्त वीज देणारा नियंत्रक विकत मिळतो. बॅटऱ्याही विकत मिळतात. विकत मिळत नाही ती बॅटऱ्यांची बैठक. ती ज्याची त्याने, आपल्या हाताने, आपल्या गाडीच्या मापाने करावी लागते. माझ्या मते अशा गाडीची सगळी परीक्षा तेथेच होते.

हा उद्योग मुख्यतः अमेरिकेत वाढला. वॉल्टर लास्की नावाच्या अभियंत्याने 1967 साली कॅलिफोर्नियात ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ ही हौशी लोकांची संस्था काढली. पुढे 1973 च्या ऑक्टोबरात तेलाची टंचाई आली, पेट्रोलच्या पंपावर रांगा लागल्या, आणि आपली गाडी आपण विजेवर का चालवू नये, असे पुष्कळांना वाटू लागले. त्या काळी मोटर म्हणून कोणी जुन्या विमानाचा जनरेटर आणला, तर कोणी गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची मोटर. बॅटरी मात्र बहुतेकांनी एकाच जातीची घेतली. गोल्फ खेळणाऱ्यांना मैदानावर फिरवणाऱ्या लहान गाड्या असतात, त्यांतली सहा व्होल्टची शिशाची बॅटरी.

तीच का? त्याचे कारण आपल्या घरातच आहे. ट्रॅक्टरची बॅटरी आणि घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी दिसायला सारख्या. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. एंजिन सुरू करायला क्षणभर मोठा झटका द्यायचा आणि गप्प बसायचे, एवढेच तिचे काम. तिला रोज तळापर्यंत रिकामी करू लागलात तर काही महिन्यांत ती मान टाकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पत्रे वा नळ्या जाड असतात. ती तासन्‌तास थोडी थोडी वीज देते आणि पुन्हा भरते. गोल्फच्या गाडीची बॅटरी ह्या दुसऱ्या जातीची.

आता तिचे वजन ऐका. एका बॅटरीचे सुमारे 28 किलो. आणि गाडीला एक नव्हे, डझनाने लागतात.

उदाहरणाला आपण फोक्सवॅगनची बीटल गाडी घेऊ. कासवाच्या पाठीसारखी गोल, एंजिन मागे असलेली. स्वस्त, साधी, सुटे भाग मुबलक, म्हणून ह्या हौशी मंडळींची ती आवडती. 1960 च्या सुमाराच्या बीटलचे रिकामे वजन 800 किलोच्या आसपास, आणि माणसे व सामान धरून तिच्यावर घालण्यास परवानगी असलेला भार पावणेचारशे किलोच्या आसपास. समजा आपण 16 बॅटऱ्या घालायच्या ठरवल्या. सोळा सक 96 व्होल्ट झाले. वजन झाले 448 किलो. एंजिन, धुराड्याचा नळ, पेट्रोलची टाकी आणि तिच्यातले पेट्रोल मिळून दीडशे किलो काढले. विजेची मोटर, नियंत्रक, जाड तारा, लोखंडी पेट्या मिळून शे-सव्वाशे किलो पुन्हा घातले. बेरीज-वजाबाकी केली की उरते निव्वळ वाढ चारशे किलोची. म्हणजे गाडीत माणूस बसण्यापूर्वीच परवानगीचा भार संपला!

मग काही जण काय करतात, तर स्प्रिंगा जाड घालतात. गाडी बसलेली दिसत नाही, मालक खूश. पण स्प्रिंग जाड केली म्हणून ब्रेक काही जाड होत नाहीत. टायरही तेच, चाकाचे बेअरिंगही तेच. उतारावर चारशे किलो जास्तीचे ओझे त्या जुन्या ब्रेकांनाच थोपवायचे असते. समजूतदार कारागीर येथे लोभ आवरतो आणि 12 बॅटऱ्यांवर थांबतो. त्याची गाडी 72 व्होल्टची होते, चढावर हळू जाते, एका भरण्यात चाळीस किलोमीटरच्या आसपास जाते, आणि चालकाशिवाय फार काही वाहू शकत नाही. पण थांबायला सांगितले की थांबते.

एवढ्या वजनात वीज किती मावते, असे कोणी विचारील. त्या 16 बॅटऱ्यांचा हिशेब कागदावर एकवीस-बावीस युनिटांचा येतो. पण मोठा प्रवाह भराभर ओढला की शिशाची बॅटरी आपली सगळी पुंजी देत नाही, आणि तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. हाती येतात सुमारे दहा युनिटे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर जी उष्णता निघते तीही युनिटांत मोजली तर नवाच्या आसपास. अर्धा टन शिसे आणि एक लिटर तेल! तरीही गाडी चालते, कारण पेट्रोलचे एंजिन त्या उष्णतेतला तीन-चतुर्थांश भाग किंवा त्याहूनही जास्त वाया घालवते आणि विजेची मोटर बहुतेक सारी वीज चाकाला देते.

आता प्रश्न जागेचा. बीटलचे एंजिन काढले की मागे, शेपटीच्या झाकणाखाली, मोठी रिकामी जागा होते. मोटर लहान, ती कोपऱ्यात बसते. उरलेली जागा पाहून नव्या कारागिराच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की बॅटऱ्या येथेच रचाव्यात. जागा आयती आहे, पेटी सहज बसते, तारा आखूड लागतात. सगळे सोयीचे. आणि नेमकी हीच जागा चुकीची.

का ते हिशेबाने पाहू. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर 240 सेंटिमीटर. 28 किलोची एक बॅटरी मागच्या आसाच्या पुढे 60 सेंटिमीटरवर, म्हणजे मागच्या आसनाच्या जागी, ठेवली तर त्या 28 किलोंपैकी 7 किलो पुढच्या आसावर जातात आणि 21 मागच्या. दोघांनी वाटून घेतले. आता तीच बॅटरी मागच्या आसाच्या मागे 60 सेंटिमीटरवर, एंजिनाच्या मोकळ्या जागेत ठेवा. मागच्या आसावर 28 नव्हे, 35 किलो येतात; आणि पुढच्या आसावरचे 7 किलो कमी होतात! बॅटरी 28 किलोची, मग हे जास्तीचे सात किलो कोठून आले? तर पुढच्या चाकांवरून उचलून आणले. पाळण्याच्या फळीवर पोरगे एका टोकाला बसले की दुसरे टोक उचलते, तोच न्याय. अशा दहा बॅटऱ्या तेथे रचल्या तर मागच्या आसावर साडेतीनशे किलो आणि पुढची चाके सत्तर किलोंनी हलकी. गाडी उलार झाली. ओल्या रस्त्यावर वळणाला चालक चाक फिरवील आणि गाडी सरळच जाईल.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. मीटरभर लांबीची मजबूत लाकडी पट्टी घ्यावी. दोन लहान काटे, किराणा दुकानात असतात तसले, एकमेकांपासून 60 सेंटिमीटरवर ठेवावेत आणि एकेका काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यांवर पट्टी अशी टेकवावी की एका बाजूने ती वीसएक सेंटिमीटर बाहेर राहील. पट्टी उलटू नये म्हणून दोन काट्यांच्या मध्ये एक किलोचे वजन ठेवावे. दोन्ही काट्यांवरचे आकडे फळ्यावर लिहावेत. मग दुसरे एक किलोचे वजन बाहेर राहिलेल्या भागावर, काट्यापासून 15 सेंटिमीटरवर ठेवावे. जवळच्या काट्याचा आकडा एक किलोने नव्हे, सव्वा किलोने वाढेल, आणि लांबच्या काट्याचा पाव किलोने उतरेल. मुलांना आधी विचारावे, काय होईल? बहुतेक मुले चुकतील. मग वजन ठेवावे.

म्हणून जाणता कारागीर बॅटऱ्या विभागतो. काही पुढच्या झाकणाखाली, जेथे पेट्रोलची टाकी आणि सुटे चाक होते तेथे. उरलेल्या मागच्या आसनाच्या जागी, दोन्ही आसांच्या मध्ये. मूळ गाडीत पुढच्या आणि मागच्या आसावर भाराचे जे प्रमाण कारखान्याने ठेवले होते, त्याच्या शक्य तितके जवळ राहायचे. बीटलमध्ये ते साधारण चार आणि सहा असे होते. प्रमाण साधले की नाही हे मनात धरून चालत नाही, मोजावे लागते. त्याला महागडे यंत्र नको. साखर कारखान्याचा किंवा बाजार समितीचा मोठा वजनकाटा पुरे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन लिहायचे, मग सगळी गाडी, मग फक्त मागची चाके. एकदा एंजिन काढण्यापूर्वी आणि एकदा सगळे बसवल्यावर. ती दोन चिठोरी शेजारी ठेवली की कारागिराने काय केले ते कळते.

भार दोन टोकांना वाटला म्हणजे झाले, असेही नाही. काठीच्या दोन टोकांना पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या बांधा, काठी मधोमध धरा आणि मनगटाने डावी-उजवी फिरवून पाहा. जड जाते, आणि एकदा फिरू लागली की थांबवणेही जड जाते. आता त्याच बाटल्या मुठीजवळ सरकवा. काठी सहज फिरते. वजन तेवढेच. अगदी नाकाशी आणि अगदी शेपटीशी बॅटऱ्या ठेवलेली गाडी पहिल्या काठीसारखी वागते. वळणाला उशिरा वळते, आणि एकदा घसरली की गरगरत जाते. म्हणून भार शक्य तितका मध्याकडे आणि शक्य तितका खाली. गवताची गाडी उंच भरली म्हणजे ओहोळ उतरताना कशी डुलते ते मी तुम्हांला सांगायला नको.

जनरल मोटर्सने 1996 साली ‘ईव्ही वन’ नावाची विजेची मोटार रस्त्यावर आणली तेव्हा तिच्या पहिल्या गाड्यांत शिशाच्याच 26 बॅटऱ्या होत्या. त्यांची मांडणी इंग्रजी टी अक्षरासारखी केली होती. अक्षराचा उभा दांडा दोन आसनांच्या मधून, आडवी रेघ आसनांच्या मागे. सगळे ओझे दोन आसांच्या आत आणि जमिनीलगत. पण त्यांनी गाडीच बॅटरीभोवती रचली होती. घरी काम करणाऱ्याला ते भाग्य नाही. त्याला दुसऱ्याने पेट्रोलसाठी रचलेल्या घरात बिऱ्हाड थाटायचे असते. खुंटी असेल तेथे सदरा टांगायचा.

जागा ठरली. आता बैठक. येथे लोहाराचे काम सुरू होते.

बॅटरी हे सामान नव्हे. सामान सरकले तर फार तर फुटते. बॅटरी सरकली तर माणसाचा जीव जातो. ऑस्ट्रेलियात अशा रूपांतरांसाठी सरकारी मार्गदर्शक नियम आहेत. त्यांत म्हटले आहे की, समोरून धडक बसली तर बॅटरीच्या वजनाच्या 20 पट जोर, बाजूने बसली तर 15 पट आणि मागून बसली तर 10 पट जोर तिच्या बैठकीने सोसला पाहिजे. आपली 28 किलोची बॅटरी समोरच्या धडकेत 560 किलोच्या जोराने पुढे झेपावते. अशा बारा बॅटऱ्या मिळून पावणेसात टन. आणि मागच्या आसनाच्या जागी ठेवलेल्या बॅटऱ्यांच्या पुढे कोण बसलेले असते? चालक. त्याच्या पाठीशी जर पातळ पत्र्याला चार स्क्रू मारून पेटी बसवली असेल तर पुढचे बोलायला नको.

म्हणून चौकट लोखंडी अँगलची. ती गाडीच्या नुसत्या पत्र्याला नव्हे, तर सांगाड्याच्या जाड भागाला बोल्टने आवळलेली. बोल्टच्या खाली पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने रुंद जाड पट्टी, म्हणजे जोर एका भोकावर न येता हातभर पत्र्यावर पसरतो. आणि वरून दाबणारी आडवी पट्टी हवीच. गाडी उलटली तर बॅटऱ्या छताला जाऊन आपटता कामा नयेत. पुष्कळ हौशी मंडळी खालची चौकट सुंदर करतात आणि वरून मात्र गाडीच्या टपावर सामान बांधायचे कापडी पट्टे लावून मोकळे होतात. आम्ल त्या पट्ट्यांवर उडते, सूर्य तापवतो, आणि दोन वर्षांनी पट्टा हाताने तुटतो.

वेल्डिंग झाले की सांधे घासून, आम्लाला दाद न देणारा रंग दोन हात द्यावा. लोखंडावर थेट बॅटरी ठेवू नये. मध्ये जाड प्लॅस्टिकची पेटी असावी. पेटीला वरून झाकण. ह्या झाकणाची एक जुनी गोष्ट आहे. मूळच्या बीटल गाडीतही एंजिन सुरू करण्याची बॅटरी मागच्या आसनाखालीच असे, आणि तिच्यावर एक झाकण असे. जुन्या गाड्यांतून ते झाकण हरवायचे. मग एखादा धिप्पाड माणूस मागे बसला की आसनाच्या स्प्रिंगा खाली दबून बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकत. स्प्रिंग लाल होई आणि आसनातला काथ्या वा घोड्याचे केस पेट घेत. अशा आगी पुष्कळ गाड्यांना लागल्या आहेत. त्या तर एका बॅटरीच्या. आपल्या गाडीत बारा एका साखळीत आहेत.

झाकण घट्ट लावले की दुसरी अडचण उभी राहते. शिशाची बॅटरी भरत आली की तिच्यातल्या पाण्याचे पृथक्करण होते आणि हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा चार झाला तरी ठिणगीने पेटतो. गाडी रात्री बंद खोलीत भरायला लावलेली, पेटी माणसे बसतात त्या भागात, आणि वायूला वाट नाही, ही तयारी स्फोटाची आहे. म्हणून पेटी माणसांच्या बाजूने पूर्ण बंद आणि बाहेरच्या बाजूने मोकळी. एक नळी गाडीबाहेर, आणि भरण सुरू असेपर्यंत चालणारा, ठिणगी न पाडणाऱ्या मोटरचा लहान पंखा. हायड्रोजन हलका, तो वर चढतो. म्हणून बाहेर जायचे भोक पेटीच्या वरच्या कडेला हवे, आत यायचे खालच्या कडेला. धूर जायला गवाक्ष कोठे ठेवावे हे स्वयंपाकघर बांधणाऱ्या गवंड्याला ठाऊक असते, तसेच हे.

आता तारा. प्रत्येक बॅटरीला दोन टोके, बारांची चोवीस. त्यांवर तांब्याच्या जाड तारा, टोकाला लग दाबून बसवलेले. चढावर तीनशे अँपियरचा प्रवाह सहज जातो. एखादा जोड थोडा सैल किंवा काळा पडलेला असेल, इतका थोडा की त्याचा विरोध ओहमचा हजारावा भाग, तरी त्या एका जोडावर 90 वॉट उष्णता निर्माण होते. झाळण्याचे काम करणाऱ्याची मोठी इस्त्री तेवढ्यात तापते! शिसे मऊ असते; ते वितळू लागते, जोड आणखी सैल होतो, उष्णता आणखी वाढते. गाडी पेटल्यावर लोक म्हणतात बॅटरी फुटली. पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते. लग हातोडीने ठोकून बसवलेला असतो. लग दाबण्याचे हत्यार महाग पडते म्हणून ठोकतात. ते हत्यार दोन दिवस भाड्याने आणावे, कोणाकडून मागून आणावे, पण लग ठोकू नयेत.

साध्या मोटारीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. ह्या साखळीचे कोणतेही टोक गाडीच्या अंगाला लागता कामा नये. बारा व्होल्टला आपण हात लावतो आणि काही होत नाही. 72 किंवा 96 व्होल्टला तसे समजू नये. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी. घरातली वीज दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी विझायला तिला सवड मिळते. बॅटरीच्या विजेला ती सवड नाही. ठिणगीचा लोळ धरून ठेवतो. म्हणून घरचे बटण किंवा घरचा फ्यूज येथे चालत नाही. एकदिश विजेसाठी केलेलाच लागतो. प्रत्येक पेटीत एक फ्यूज, आणि चालकाच्या हाताला येईल असे सगळी साखळी तोडणारे एक मोठे बटण.

आणि पान्याला टोकाखेरीज सगळीकडे चिकटपट्टी गुंडाळावी. एकदा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर माझ्याच हातून पाना निसटला. एकच बॅटरी, बारा व्होल्ट. पान्याचा कोपरा डोळ्यांदेखत उडाला आणि शिशाचा थेंब माझ्या चपलेच्या अंगठ्याला भोक पाडून गेला. बोटातली अंगठी काढून खिशात ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आकडेमोड करणारा अभियंता पाहत नाही आणि घरचा माणूस पाहतो. पाणी! बारा बॅटऱ्यांना छत्तीस बुचे. प्रत्येकात ठराविक दिवसांनी डिस्टिल्ड पाणी घालायचे असते. मागच्या पेटीपर्यंत पोचायला जर आसन उचकटावे लागत असेल, सहा बोल्ट सोडवावे लागत असतील, वर फळी आणि तिच्याखाली दुसरी फळी असेल, तर पहिला महिना मालक उत्साहाने पाणी घालील, दुसऱ्या महिन्यात पुढे ढकलील, आणि चौथ्या महिन्यात आतले पत्रे उघडे पडतील. भार बरोबर मध्यावर, चौकट पोलादी, पण बॅटऱ्या मेल्या. म्हणून झाकण एका हाताने उघडले पाहिजे, आणि बुचात नजर पडेल इतकी जागा वर मोकळी पाहिजे. ह्यासाठी एखादी बॅटरी कमी करावी लागली तरी करावी.

पुढची पेटी वाऱ्याला, मागची उबेत. थंड बॅटरी कमी वीज देते, ऊन बॅटरी जास्त. साखळीत मात्र सगळ्यांतून प्रवाह एकच जातो. जी आधी रिकामी होते तिच्यावर इतरांचा जोर उलटा चालू लागतो आणि ती कायमची बिघडते. थंडीच्या देशांत म्हणूनच दोन्ही पेट्यांना आतून फोमचे अस्तर देतात.

अलीकडे शिसे मागे पडले आहे. अपघातात मोडलेल्या कारखानी विजेच्या गाड्यांतून लिथियमच्या बॅटऱ्या सोडवून हौशी मंडळी त्या वापरतात. 2010 च्या अखेरीस निघालेल्या निसानच्या ‘लीफ’ गाडीत असे 48 भाग आहेत. एकेकाचे वजन पावणेचार किलोच्या आसपास. सगळे मिळून जेमतेम 180 किलो, आणि नव्याने त्यांत 24 युनिटे मावत. पाणी नको, आम्ल नको, रोजचा वायू नको. वजनाचे दुखणे निम्म्याहून अधिक गेले. पण बैठकीचे काम गेले नाही, बदलले. हे भाग दोन मजबूत पट्ट्यांमध्ये आवळून धरावे लागतात, नाहीतर ते फुगतात. पाणी गोठण्याइतक्या थंडीत ते भरू नयेत, आणि कधीही ठराविक दाबापलीकडे भरू नयेत. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारे यंत्र हवेच. चिरडला किंवा अति तापला तर एक सेल पेटतो, तो शेजाऱ्याला पेटवतो, आणि ती आग सहज विझत नाही. शिशाच्या बॅटरीचा कारागीर निदान वजनाला भीत असे. लिथियम हलके, म्हणून ते कोठेही खुपसायचा मोह होतो. पुढच्या बंपरच्या लगत, गाडीच्या पोटाखाली उघडे. दगड लागेल किंवा धडक बसेल ती पहिली जागा हीच.

आपल्याकडे हे करू पाहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या गाडीत मन मानेल तसा बदल करता येत नाही. पेट्रोलची किंवा डिझेलची गाडी विजेवर न्यायची तर तपासून मंजूर झालेला संच बसवून परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. अशा संचांची चाचणी ‘एआयएस-123’ नावाच्या मानकाप्रमाणे होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही ती चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. तेव्हा शाळेच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या आवारात, शिकण्यासाठी, एखाद्या जुन्या गाडीवर हात चालवायला हरकत नाही. ती रस्त्यावर आणण्यापूर्वी मात्र कार्यालयाची पायरी चढावी.

आणि आवारात गाडी पहिल्यांदा चालली, पोरांनी टाळ्या पिटल्या, की लगेच झाकणावर रंग देऊ नका. आठ दिवस चालवा. मग साखळी तोडा, झाकणे उघडा, आणि चौकटीचा एकेक बोल्ट पान्याने पाहा. नवे लोखंड बसते आणि बोल्ट सैल होतात. पेटीच्या तळाशी आम्लाचा ओलावा आहे का, तार कोठे पत्र्याच्या कडेला घासून तिचे आवरण झिजले आहे का, तेही पाहा. हात न लावता तापमान दाखवणारा लहान तापमापक मिळतो. चढ चढून आल्याबरोबर तो प्रत्येक जोडावर धरा आणि चोवीस आकडे वहीत लिहा. शेजाऱ्यांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी चढलेला आकडा ज्या जोडाचा असेल, तो साखळी तोडल्यावर सोडवून, ब्रशने घासून, चकचकीत करून पुन्हा आवळा, आणि त्याच चढावरून गाडी परत आणा.